सरखेलांची गलबते आणि इंग्रजांचा तरंगता किल्ला

रडारला चकवणाऱ्या विमानांवर अब्जावधी खर्चावेत का, हा वाद रंगतो तेव्हा रत्नागिरीकरांना सरखेल कान्होजी आंग्रे आठवावेत. सुवर्णदुर्गावर उदयास आलेल्या या दर्यावर्दीला १६९८ च्या सुमारास मराठी आरमाराचे आधिपत्य लाभले. त्यांच्या गुराबा व गलबते हलकी, उथळ तळाची. वारा पडला की ती वल्ह्यांवर चालत, अवजड जहाजाच्या पिछाडीवर मारा करीत आणि खाडीत शिरत.

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने यावर उपाय काढला तो खर्चिक. गोळे भेदू शकणार नाहीत अशा जाड लाकडी भिंतींचा ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना १७२० मध्ये विजयदुर्गावर धाडण्यात आला. (हा दुर्ग १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे.) त्याच्या तोफांना उंच नेमच धरता येईना, गोळे पाण्यात पडले! पुढल्याच वर्षी इंग्रज-पोर्तुगीजांची कुलाब्यावरील संयुक्त मोहीमही फसली. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले, ते अजिंक्यच.

मात्र स्वस्त आरमार सदैव पुरते, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. १७५६ मध्ये वॉटसनच्या बलाढ्य युद्धनौका विजयदुर्गासमोर ठाकल्या. पेशवेही तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होते. तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले.