सिंहगडाच्या कड्यावरून पडले, चालणं कायमचं थांबलं. त्याच माणसाने मराठी वाचकाला थ्रिलरचा नाद लावला

मराठीतलं एखादं भन्नाट थ्रिलर सुचवा, असं कुणी विचारलं की नावं ठरलेली असतात. कुणी नारायण धारप सांगतं, कुणी सुहास शिरवळकर. घरातली वयस्कर मंडळी असतील तर बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक.

या सगळ्यांच्या आधीचं एक नाव मात्र यादीत क्वचितच येतं. ते नाव म्हणजे नाथमाधव.

शंभर वर्षांपूर्वी हे नाव मुखपृष्ठावर असलं की पुस्तक हातोहात जायचं. आणि ज्याच्या गोष्टींतली माणसं घोडे फेकतात, गड चढतात, समुद्रात गलबतं हाकतात, तो लेखक स्वतः अंथरुणावरून उठू शकत नव्हता.

त्यांचं खरं नाव द्वारकानाथ माधव पितळे. द्वारकानाथमधला 'नाथ' आणि वडिलांचं नाव 'माधव' जोडून टोपणनाव तयार झालं. जन्म 3 एप्रिल 1882, मुंबईचा. शाळा-कॉलेजच्या वाटेने ते फार पुढे गेले नाहीत. कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरीला लागले. लेखक व्हायचं वगैरे काही डोक्यात असावं, असं या आयुष्यात कुठे दिसत नाही. उलट शिकारीची आवड होती, अंगात रग होती.

मग आलं 1905 साल.

शिकारीसाठी म्हणून ते सिंहगडावर गेले होते. तिथल्या एका कड्यावरून तोल गेला आणि ते खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं.

वय होतं अवघं तेवीस.

सिंहगड म्हणजे जुना कोंढाणा. 1670 मध्ये तानाजी मालुसरे मावळ्यांसह रात्री कडा चढून गेले, तोच हा गड. तानाजींच्या पराक्रमावर हरिभाऊ आपट्यांनी लिहिलेली 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी याच सुमाराला वाचकांच्या हातात आलेली होती. एकीकडे कडा चढून जाणाऱ्यांची गोष्ट लोक वाचत होते आणि इकडे त्याच गडावरून पडलेला एक तरुण बिछान्याला खिळला होता.

आज पाठीच्या कण्याला मार बसला तर ऑपरेशन असतं, फिजिओथेरपी असते. 1905 मध्ये यातलं फारसं काही नव्हतं. अँटिबायोटिकही नव्हतं. अशा माणसाने पुढे तेवीस वर्षं काढली, हीच मोठी गोष्ट आहे. आणि ती नुसती काढली नाहीत.

आजारपणात करायला काय होतं? वाचन. त्यांनी वाचनाचा सपाटा लावला आणि वाचता वाचता लिहायला घेतलं. 1908 मध्ये 'प्रेमवेडा' ही पहिली कादंबरी आली. 1913 मध्ये 'वीरधवल' आली आणि तिने धुमाकूळ घातला.

तेव्हा वाचकांची आवड काय होती, हेही इथे बघायला हवं. रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज लेखकाच्या रहस्यमय, सनसनाटी कादंबऱ्यांनी आपल्याकडे अक्षरशः वेड लावलं होतं. त्यांची मराठी रूपं निघायची. गोविंद नारायण दातार यांनी तर या प्रकारात नाव कमावलं होतं. राजवाडे, कारस्थानं, वेषांतर, ऐन मोक्याला संपणारं प्रकरण, हा सगळा मसाला वाचकाला हवा होता. नाथमाधवांनी तो अस्सल मराठी चवीचा करून दिला.

त्यांचं खरं थ्रिलर म्हणायचं तर 'रायक्लब अथवा सोनेरी टोळी'. दरोडेखोर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतात तसले मिशाळ दांडगे यात नाहीत. ही टोळी चांगल्या कपड्यांतली, गोड बोलणारी, डोक्याने चालणारी आहे, आणि ती श्रीमंतांना गंडा घालते. आज 'हाइस्ट' म्हणून वेब सीरिजमध्ये जे आवडीने बघितलं जातं, त्याचा मराठी पूर्वज हाच.

ऐतिहासिक कादंबऱ्यांतही त्यांनी हाच हात वापरला. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना' अशी शिवकाळावरची मालिकाच त्यांनी लिहिली. बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला यातला काळ परका वाटायचं कारण नाही. जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा याच जिल्ह्यात, आणि लखुजी जाधवांचा वाडा आजही तिथे उभा आहे. पण शिवाजी महाराजांच्या गोष्टीत रहस्य कसलं? शेवट तर पोराटोरांनाही ठाऊक. नाथमाधवांचं कसब इथेच होतं. काय होणार हे माहीत असलेल्या वाचकाला ते कसं होणार, या प्रश्नावर ते अडकवून ठेवायचे. 'सावळ्या तांडेल'मध्ये त्यांनी हाच खेळ समुद्रावर नेला.

तीन भागांची 'डॉक्टर' ही सामाजिक कादंबरीही त्यांचीच. म्हणजे माणूस एका साच्यात बसणारा नव्हता.

समीक्षकांनी मात्र त्यांना हरिभाऊंच्या पंगतीत बसवलं नाही. ते काही अगदीच चुकीचं नव्हतं. पात्रं बरीचशी काळी नाहीतर पांढरी असतात, योगायोग जरा जास्तच होतात. पण थ्रिलरच्या वाचकाने योगायोगाची तक्रार कधी केली आहे?

21 जून 1928 रोजी नाथमाधव गेले. वय होतं 46. पहिल्या कादंबरीपासून मोजलं तर हाताशी जेमतेम वीस वर्षं होती.

त्यांच्या लेखनाचा कॉपीराइट कधीच संपला आहे, त्यामुळे वेगवेगळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या निघत असतात आणि जुन्या वाचनालयांच्या कपाटातही ही पुस्तकं सापडतात. सुरुवात 'सोनेरी टोळी'पासून करा. पहिली वीस-पंचवीस पानं भाषा जड वाटेल, वाक्यं लांबलचक वाटतील. तेवढी रेटून न्या. लगेच 'वीरधवल' मात्र घेऊ नका, त्याला सलग सुट्टी लागते.