गालिलियो आणि पडणारा दगड

विंचूरच्या खळ्यांवर उफणणी चालते तेव्हां दाणे सरळ खालीं येतात व भुसा दूर उडतो. हें पाहून जड वस्तु लवकर पडते व हलकी सावकाश, असें कोणासही वाटेल. ख्रिस्तापूर्वीं चवथ्या शतकांत आरिस्टाटल ह्या ग्रीक पंडितानें असेंच शिकविलें होतें. सहाव्या शतकांत फिलोपोनस नामक ख्रिस्ती विद्वानानें त्यास हरकत घेतली. तथापि जुन्या पंडिताचा शब्द विद्यालयांत प्रमाण राहिला.

गालिलियो गालिलेई ह्याचा जन्म इटलींतील पीसा शहरीं ता. १५ फेब्रुवारी १५६४ रोजीं झाला. बाप गवई. मुलानें वैद्य व्हावें म्हणून १५८१ सालीं त्यास विद्यापीठांत घातलें. पण त्याचें मन गणितांत रमलें व पदवी न घेतांच तो १५८५ त घरीं परतला. चार वर्षांनीं त्याच विद्यापीठांत तो गणिताचा अध्यापक झाला, आणि १५९२ त पादुआ येथें गेला.

पीसाच्या कलत्या मनोऱ्यावरून त्यानें दोन गोळे टाकले, ही गोष्ट शाळेंतील मुलेंही सांगतात. ती त्याच्या मरणानंतर विव्हियानी ह्या शिष्यानें लिहिली. गालिलियोच्या स्वतःच्या ग्रंथांत ती नाहीं, म्हणून जपूनच सांगावी. त्याचा खरा युक्तिवाद फार साधा आहे. वाचकहो, मोठ्या दगडास लहान दगड दोरीनें बांधिला अशी कल्पना करा. हलका जर मंद पडत असेल, तर तो मोठ्यास मागें ओढील व जोडी सावकाश पडेल. परंतु दोघांचें मिळून वजन वाढलें, म्हणजे जोडी अधिक वेगानें पडली पाहिजे! एकाच मतांतून दोन विरुद्ध उत्तरें निघालीं, तर तें मत खरें कसें?

पडणारी वस्तु मोजूं देत नाहीं, म्हणून त्यानें लांकडी तुळईंत खांचणी कोरून ती किंचित् उतरती ठेविली व तींतून कांशाचा गोळा सोडला. भांड्याच्या बारीक छिद्रांतून गळालेलें पाणी तोलून त्यानें काल मोजला. पहिल्या क्षणांत गोळा एक हात गेला, तर दुसऱ्यांत तीन, तिसऱ्यांत पांच, चवथ्यांत सात हात जाई.

ह्याचें कारण पुढें न्यूटननें १६८७ त उलगडलें. जड वस्तूस पृथ्वी अधिक जोरानें ओढते. पण तिला हलविण्यासही तितकाच अधिक जोर लागतो. दोन बैलांची गाडी व दुप्पट ओझ्याची चार बैलांची गाडी लासलगांवच्या वाटेनें बरोबर चालाव्या, तसें हें आहे. भुसा मागें राहतो तो हवेमुळें. त्याच्या पसाऱ्याच्या मानानें वजन थोडें, म्हणून हवा त्यास अडविते.

१६१० त दुर्बिणींतून त्यानें गुरु ग्रहाचे चार चंद्र पाहिले, आणि पृथ्वी सूर्याभोवतीं फिरते ह्या कोपर्निकसच्या मताचा तो उघड कैवारी झाला. पवित्र शास्त्र तारणाचा मार्ग दाखविण्यास आहे, ग्रहांचें गणित शिकविण्यास नव्हे, असें त्याचें म्हणणें होतें. रोमच्या धर्माधिकाऱ्यांनीं त्यास १६१६ त ताकीद दिली, आणि ता. २२ जून १६३३ रोजीं त्या जवळजवळ सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यास गुडघे टेकून तें मत नाकारावें लागलें. आपण ह्यावरून रोमेस हसूं नये. लूथरचा सहकारी मेलांक्थन ह्यानेंही शास्त्रवचनें काढूनच कोपर्निकसास खोडलें होतें.

पुढें तो आर्चेत्री येथें आपल्या घरींच नजरकैदेंत राहिला. जवळच्या मठांत जोगीण असलेली लाडकी कन्या मारिया चेलेस्ते १६३४ त वारली. त्या दुःखांत त्यानें पडणाऱ्या दगडांचे जुने कागद पुन्हां हातीं घेतले. रोमच्या भीतीनें इटलींत ग्रंथ छापणें अशक्य. तो १६३८ त हॉलंडांतील लायडेन शहरीं छापला गेला. तोंवर त्याचे दोन्ही डोळे गेले होते. ता. ८ जानेवारी १६४२ रोजीं तो मरण पावला.

ता. २ ऑगस्ट १९७१ रोजीं डेव्हिड स्कॉट ह्या अमेरिकन अंतराळवीरानें चंद्रावर, जेथें हवा नाहीं, एका हातांतून हातोडा व दुसऱ्यांतून ससाण्याचें पीस सोडलें. दोन्ही एकदमच जमिनीस लागलीं.