रिकाम्या बाकाची विचारपूस करणारे शिक्षक : जाँ-बाप्तिस्त द ला साल

हजेरीपटावर विद्यार्थ्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण झाली की शिक्षकाचे कर्तव्य संपले, असा समज शाळाशाळांतून रूढ आहे. फ्रान्समधील धर्मगुरू आणि शिक्षणतज्ज्ञ जाँ-बाप्तिस्त द ला साल यांच्या मते ते तेथून सुरू होत असे. मूल वेळेवर आणि नित्यनेमाने शाळेत यावे, यासाठी आधी शिक्षकाने, पालकाने आणि संस्थेने काय केले पाहिजे, याचा तपशीलवार विचार त्यांनी तीनशे वर्षांपूर्वी करून ठेवला. कॅथोलिक परंपरेत शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून त्यांना मान आहे.

ला साल यांचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजी रेंस शहरातील एका न्यायाधीशाच्या सधन घरात झाला. सोळावे वर्ष पुरे होण्याआधीच त्यांना तेथील कॅथेड्रलमध्ये कॅननचे मानाचे आणि चांगल्या उत्पन्नाचे पद मिळाले. धर्मशिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. परंतु १६७१ मध्ये आई आणि पुढच्याच वर्षी वडील निवर्तले. धाकट्या भावंडांचा भार अंगावर पडल्याने शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे १६७८ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि दोन वर्षांनी धर्मशास्त्रातील डॉक्टरेटही.

शाळा काढण्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता. १६७९ मध्ये आद्रियाँ निएल नावाचे शिक्षक गरीब मुलांसाठी मोफत शाळा उघडण्याच्या हेतूने रूआँहून रेंसला आले. त्यांना मदत करता करता ला साल या कामात ओढले गेले. शाळा निघाल्या, पण त्या टिकेनात. मुले नव्हे, शिक्षकच टिकत नव्हते. तुटपुंजे वेतन, अपुरे शिक्षण आणि समाजात काडीचाही मान नाही, अशी त्यांची अवस्था होती. दुसरे काम मिळाले की ते निघून जात. ला साल यांनी १६८१ मध्ये या शिक्षकांना आपल्या घरी राहायला आणले. खालच्या थरातील माणसे पंगतीला बसलेली पाहून नातलग संतापले आणि भावंडांपैकी काहींना आपल्याकडे घेऊन गेले.

उद्याच्या भाकरीची चिंता करू नका, असे ला साल शिक्षकांना सांगत. ज्याच्यामागे पद आणि संपत्ती आहे त्याला हे सांगणे सोपे आहे, असे शिक्षकांनी तोंडावर सुनावले. हा आक्षेप त्यांच्या जिव्हारी लागला. १६८३ मध्ये त्यांनी कॅननपदाचा त्याग केला आणि त्यानंतरच्या दुष्काळात स्वतःच्या वाट्याची संपत्ती अन्नाच्या रूपाने गोरगरिबांत वाटून टाकली. शिक्षकाइतकेच निर्धन होऊन ते शिक्षकांसोबत राहिले. यातूनच ख्रिस्ती शाळांच्या बंधूंचा संघ आकाराला आला.

या शाळांत गरीब-श्रीमंत एका बाकावर बसत आणि शुल्क घेतले जात नसे. वाचनाचा आरंभ लॅटिनऐवजी मुलांच्या बोलीतल्या फ्रेंचपासून होई. एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवण्याची जुनी रीत सोडून सारा वर्ग एकत्र शिकवला जाई. वक्तशीरपणाला महत्त्व आले ते येथूनच. एकेकाला शिकवताना उशिरा आलेल्याचे फारसे बिघडत नव्हते. सारा वर्ग एकाच धड्यावर असताना मात्र उशिरा येणाऱ्याचे नुकसान होई आणि त्याच्यामुळे इतरांचेही. म्हणून घंटेचा पहिला ठोका पडताच शिक्षकाने वर्गात असले पाहिजे, असा दंडक होता.

अनुभवी बंधूंशी विचारविनिमय करून ला साल यांनी शाळांची नियमावली तयार केली. ती प्रथम हस्तलिखित रूपात वापरात होती. छापली गेली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १७२० मध्ये. गैरहजेरीला तिच्यात स्वतंत्र प्रकरण आहे. दोष कधी मुलाचा असतो, कधी पालकांचा आणि कधी शिक्षकाचा, अशी त्यात मांडणी आहे. मूल उनाड असेल, तसेच ते शिक्षकाच्या तुसडेपणाला कंटाळलेलेही असेल. पालक निष्काळजी असतील. किंवा इतके गरीब असतील की मुलाची चार पैशांची मजुरी त्यांना सोडवत नसेल. प्रत्येक कारणावर उपाय वेगळा. कारागीर बापाला लिहिण्या-वाचण्याचा व्यवहारातला उपयोग पटवून द्यावा. शिक्षकाचा दोष असेल तर शिक्षकाने बदलावे. प्रत्येक भागातून काही विद्यार्थी निवडले जात. त्यांनी गैरहजर सोबत्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, आजारी असल्यास धीर द्यायचा आणि खरे कारण शिक्षकांना कळवायचे.

ही नियमावली सर्वस्वी मवाळ नव्हती. तिच्यात शिक्षेचे प्रकरण आहे आणि छडीही आहे. मात्र तिचा वापर विरळा व्हावा, असा आग्रह आहे. मुलांना चौदाव्या वर्षापर्यंत शाळेत पाठवण्याची सक्ती करणारे फर्मान चौदाव्या लुईने १६९८ मध्ये काढले होते. त्याचा रोख प्रामुख्याने प्रोटेस्टंट कुटुंबांवर होता. फर्मानाने मुले टिकत नाहीत, त्यांच्या घरापर्यंत जावे लागते, हे ला साल यांच्या शाळांनी कृतीतून दाखवले.

मोफत शाळांमुळे पॅरिसमधील लेखनशिक्षकांचा धंदा बुडू लागला. त्यांनी खटले भरले आणि न्यायालयाचे निकाल ला साल यांच्या विरोधात गेले. धर्माधिकाऱ्यांशीही खटके उडाले. आपणच या कार्यातील अडसर आहोत, असे वाटून १७१२ मध्ये ते दक्षिण फ्रान्सकडे निघून गेले. ग्रेनोबलमध्ये एक बंधू कामासाठी बाहेरगावी गेले असता त्यांच्या जागी उभे राहून त्यांनी लहान मुलांचा वर्ग घेतला. इकडे पॅरिसचे बंधू हवालदिल झाले होते. १ एप्रिल १७१४ रोजी त्यांनी पत्र पाठवून आपल्याच संस्थापकाला, त्यांनी घेतलेल्या आज्ञापालनाच्या शपथेची आठवण देत, परत येण्याची आज्ञा केली. गैरहजर मुलाच्या घरी सोबत्यांना धाडणाऱ्या या गुरूला त्याच्या सोबत्यांनी परत बोलावले होते. त्याच वर्षी १० ऑगस्टला ते पॅरिसला येऊन हजर झाले.

१७१७ मध्ये संघाचे प्रमुखपद बंधू बार्तेलेमी यांच्याकडे सोपवून ते साधे सदस्य म्हणून राहिले. ७ एप्रिल १७१९ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, रूआँ येथे त्यांचे निधन झाले. १९०० मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि १९५० मध्ये ते शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित झाले.

उशिरा आलेल्यांना फाटकाबाहेर उभे करणाऱ्या आणि हजेरीच्या टक्केवारीवर परीक्षेचा प्रवेश ठरवणाऱ्या शाळा आजही आहेत. शिस्त ला साल यांनाही हवीच होती. ती मागण्यापूर्वी त्यांनी शिक्षकाला वर्गात आधी हजर केले आणि रिकाम्या बाकाचे कारण शोधायला माणूस धाडला. हा क्रम उलटला की हजेरीपट नुसता नावांची यादी होऊन राहतो.