मुंबई-मंगळूर ४१ तासांवरून १५ तासांवर आणणाऱ्या रेल्वेमागचे प्राध्यापक : मधू दंडवते

चिपळूण सोडून गाडी दक्षिणेकडे निघाली की थोड्याच वेळात सावर्डे स्टेशन लागतं. गणपतीला इथे उतरणाऱ्या कितीतरी तरुण चाकरमान्यांना वाटतं, रेल्वे कायमच होती. ती नव्हती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी सावर्ड्याला यायचं म्हणजे एसटी, मुंबई-गोवा महामार्ग आणि कशेडी घाटाची वळणं.

एक आकडा बघा. मुंबई ते मंगळूर विमानाने सरळ रेषेत अंतर साधारण ७१५ किलोमीटर, प्रवास जेमतेम दीड तासाचा. रेल्वेने मात्र हेच अंतर २०४१ किलोमीटर होतं आणि लागायचे ४१ तास! कारण गाडी आंध्र, तामिळनाडू, केरळ असा वळसा घालून जायची. मुंबईहून गोव्याला जायचं तरी मिरज-लोंडा मार्गेच.

हा वळसा मोडायचा ध्यास ज्यांनी घेतला, त्यांत एक नाव प्राध्यापक मधू दंडवते यांचं. जन्म २१ जानेवारी १९२४, अहमदनगरचा. म्हणजे कोकणातले नव्हेतच. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे. १९४२ च्या चळवळीत होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहातही होते.

राजापूरचे लाडके खासदार बॅ. नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये अचानक गेले. कोकण रेल्वेची मागणी त्यांनीही लावून धरली होती. त्याच वर्षी दंडवते तिथून निवडून आले आणि तेव्हापासून एकूण सलग पाच वेळा जिंकले. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात, तर पत्नी प्रमिलाताई येरवड्याला.

१९७७ ला जनता पक्षाचं सरकार आलं आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. तेव्हा सेकंड क्लासच्या स्लीपरला नुसत्या लाकडी फळ्या असायच्या. त्यावर दोन इंचांचा फोम बसवायला त्यांनी सुरुवात केली. आज आपण बिनधास्त पाठ टेकतो, ती सोय इथून सुरू झाली. रेल्वेमंत्रिपद मात्र दोनच वर्षं टिकलं. कोकणाच्या दिशेने रूळ रोह्यापर्यंत पोहोचायलाच १९८६ उजाडलं.

खरी चावी फिरली ती १९९० मध्ये. व्ही. पी. सिंग सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. रेल्वेच्या नेहमीच्या बजेटमधून एवढा पैसा निघणं कठीण होतं. म्हणून वेगळं महामंडळ काढायचं ठरलं. त्यात केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ भागीदार झाले आणि बाकीचा पैसा रोख्यांतून उभा करायचा होता. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. ई. श्रीधरन प्रमुख झाले आणि डोंगर फोडायला सुरुवात झाली.

पण गंमत बघा (गंमत कसली, राजकारणच ते). काम जोरात सुरू असताना, १९९१ च्या निवडणुकीत राजापूरकरांनी दंडवत्यांना पाडलं. त्यानंतर ते लोकसभेत परतले नाहीत.

२६ जानेवारी १९९८ ला मुंबई-मंगळूर मार्ग पूर्ण सुरू झाला. अंतर ९१४ किलोमीटरवर आलं, वेळ १५ तासांवर. ११२७ किलोमीटर आणि तब्बल २६ तास वाचले. मुंबई-गोवा प्रवासही दहा तासांनी कमी झाला. दंडवते तेव्हा नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते.

१२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांचा देह जे. जे. रुग्णालयाला दान करण्यात आला.