विश्लेषण : चित्रकार चित्तप्रसाद यांनी लिनोकटचीच वाट का धरली?

बंगालच्या दुष्काळाचे चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५-१९७८) यांनी १९४६ नंतरचा बहुतेक काळ मुंबईत, अंधेरीत काढला. फरशीवर अंथरायच्या लिनोलियमवर कोरलेली त्यांची चित्रे आज भारतीय मुद्राचित्रकलेचा ठेवा मानली जातात.

लिनोकट म्हणजे काय?

जवसाचे तेल आणि बुचाची पूड तागाच्या कापडावर बसवून लिनोलियम बनते. त्याच्या तुकड्यावर चित्र उलटे काढतात. पांढरा हवा असलेला भाग कोरून टाकतात. उरलेल्या उंच भागाला रुळाने शाई लावून कागद दाबला की छाप उठतो. लाकडासारखे रेषे नसल्याने हत्यार कुठल्याही दिशेला वळते. यंत्र नसेल तर चमच्याच्या पाठीने घासूनही काम भागते. मुख्य म्हणजे एका ठशातून अनेक प्रती निघतात.

पुस्तक का जाळले गेले?

नैहाटीत जन्मलेले, चितगावात वाढलेले चित्तप्रसाद कलाशाळेत शिकले नव्हते. कम्युनिस्ट चळवळीत ते भित्तिपत्रके काढत. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते दुष्काळग्रस्त मिदनापूर जिल्ह्यात फिरले. भुकेने खंगलेली माणसे त्यांनी काळ्या शाईत रेखाटली, त्यांची हकिगत लिहिली. त्यातून ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक झाले. ब्रिटिश सरकारने ते जप्त करून सुमारे ५,००० प्रती जाळल्या. कुटुंबाने एक प्रत जपली होती. तिच्यावरून २०११ मध्ये पुस्तक पुन्हा छापले गेले.

मुंबईत काय केले?

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ते पक्षकार्यापासून दुरावले. बांधील उत्पन्न नव्हते, पण काम थांबले नाही. शेतकरी, कामगार, आई आणि मूल हे त्यांच्या लिनोकटचे विषय झाले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) चित्रपटाच्या जाहिरातीसाठीही त्यांनी लिनोकट केला. बालपण हरवलेल्या कष्टकरी मुलांवर त्यांनी १९५२ मध्ये ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’ ही मालिका कोरली. युनिसेफच्या डॅनिश समितीने ती १९६९ मध्ये प्रकाशित केली.

मग लिनोकटच का?

रंगवलेले चित्र एकच असते, ते एकाच घरात जाते. ज्यांची चित्रे चित्तप्रसाद काढत, त्यांना ते परवडणारे नव्हते. लिनोकट स्वस्त होता, काळ्या-पांढऱ्यात ठसठशीत उमटत होता आणि अनेकांच्या हाती पोहोचू शकत होता. शिवाय छापलेल्या प्रती कुणी जाळल्या, तरी ठसा शाबूत असेपर्यंत चित्र पुन्हा छापता येते.