रॉबर्ट कॉख

हाइन्रिख हेर्मान रॉबर्ट कॉख (११ डिसेंबर १८४३ – २७ मे १९१०) हे जर्मन वैद्य व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. क्षय व पटकी या रोगांच्या जंतूंवरील संशोधनासाठी ते प्रसिद्ध आहेत. हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती बालपणी वारंवार होणाऱ्या संसर्गातून घडते, हे त्यांनी मुलांच्या रक्ततपासणीवरून दाखवले.

जीवन

कॉख यांचा जन्म क्लाउस्थाल येथे झाला. १८६६ मध्ये त्यांनी ग्योटिंगेन विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. पटकीच्या अभ्यासासाठी ते १८८३-८४ मध्ये इजिप्त व कोलकाता येथे गेले. १८९० मध्ये क्षयावरील उपाय म्हणून त्यांनी पुढे आणलेले ट्युबरक्युलिन मात्र निष्फळ ठरले. १९०५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले.

मुंबईतील वास्तव्य

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या बुळकांड्या रोगावर काम करीत असलेले कॉख १८९७ मध्ये मुंबईत येऊन जर्मन प्लेग आयोगात सामील झाले. तेथून ते जर्मन पूर्व आफ्रिकेत गेले व हिवतापाच्या अभ्यासाकडे वळले.

हिवताप आणि मुलांची प्रतिकारशक्ती

१८९९-१९०० मध्ये कॉख यांनी जावा व न्यू गिनी येथे गावोगावच्या रहिवाशांचे रक्त वयोगटानुसार तपासले. हिवतापग्रस्त गावांत परजीवी प्रामुख्याने लहान मुलांच्या रक्तात आढळले. वय वाढेल तसे त्यांचे प्रमाण घटत गेले आणि तेथेच वाढलेल्या प्रौढांत ते क्वचितच दिसले. बाहेरून आलेले प्रौढ मात्र आजारी पडत. यावरून ही प्रतिकारशक्ती जन्मजात नसून संपादित असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. संसर्गाचा साठा मुलांतच असल्याने परजीवी आढळलेल्या प्रत्येकाला क्विनीन देण्यावर त्यांनी भर दिला. डासांच्या निर्मूलनाला प्राधान्य देणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्या मार्गापेक्षा हा मार्ग वेगळा होता.

नंतरचे संशोधन

पुढील संशोधनाने कॉख यांच्या निष्कर्षात भर घातली. मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे अर्भकाचे काही महिने रक्षण करतात. त्यानंतरचा काळ सर्वाधिक धोक्याचा असतो. संसर्गाशी झुंजताना मुलांची पानथरी (प्लीहा) वाढते. परजीवी आपली पृष्ठप्रथिने बदलत असल्याने शरीराला अनेक रूपांची ओळख पटावी लागते. म्हणून गंभीर आजारापासून संरक्षण आधी मिळते, तर रक्तातील परजीवींवर नियंत्रण सावकाश येते. हे संरक्षण अपूर्ण असून संसर्ग थांबल्यास ओसरते. १९६१ मध्ये गॅम्बियात प्रौढांच्या रक्तातील प्रतिपिंडे आजारी मुलांना दिल्यावर परजीवी घटले. त्यामुळे प्रतिपिंडांची भूमिका सिद्ध झाली.

तीव्र प्रादुर्भावाच्या प्रदेशात प्रौढांना लाभणारे हे संरक्षण अनेक बालमृत्यूंची किंमत मोजून येते. मुंबईत संसर्गाचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने असे संरक्षण पुरेसे घडत नाही. त्यामुळे तेथे मुलांबरोबर प्रौढही आजारी पडतात. चार्ल्स बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने मुंबईतील विहिरी व पाण्याच्या टाक्यांत वाढणाऱ्या अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी डासाकडे लक्ष वेधले. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तद्रवातील प्रथिनांवर संशोधन झाले आहे.