धातू समजला, निघाला गंज! युरेनियम शोधणाऱ्या क्लापरोट यांची गोष्ट

अणुभट्टीत लागणारं युरेनियम जगाला पहिल्यांदा दाखवलं ते एका औषधवाल्याने. मार्टिन हाइनरिश क्लापरोट त्यांचं नाव.

जन्म १ डिसेंबर १७४३, जर्मनीतलं वेर्निगेरोडे. वडील शिंपी. १७५१ च्या आगीत होतं नव्हतं ते गेलं. चर्चमध्ये गाऊन पोराने शाळेचा खर्च भागवला, पुढे औषधाच्या दुकानात उमेदवारी केली. १७७१ साली बर्लिनमध्ये त्यांचे मालक रोझ वारले. क्लापरोट यांनी दुकानही सांभाळलं आणि मालकाची पोरंही.

तराजूला मात्र पक्के. पृथक्करणात वजनाचा हिशोब जुळला नाही, तरी आकडा तसाच छापायचे. त्या काळी हे फार कमी लोक करायचे.

सॅक्सनीच्या खाणीत पिचब्लेंड नावाचा काळा, जड दगड निघायचा. कुणी त्याला जस्ताचं खनिज म्हणे, कुणी लोखंडाचं. १७८९ मध्ये क्लापरोट यांनी तो आम्लात विरघळवला, त्यातून पिवळा साका काढला आणि कोळशाबरोबर तापवला. हाती आली काळी पावडर. त्यांना वाटलं, हाच नवा धातू. नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहावरून नाव ठेवलं युरेनियम.

पण तो धातू नव्हताच! लोखंडाचा जसा गंज, तसं ते युरेनियमचं ऑक्साइड होतं. लोखंडाच्या खनिजातला ऑक्सिजन कोळसा ओढून काढतो. इथे त्याने थोडा काढला आणि मग हात टेकले, कारण युरेनियमची ऑक्सिजनशी गाठ फारच घट्ट. स्फटिकात प्रत्येक युरेनियम अणूला आठ ऑक्सिजन अणूंचा वेढा असतो. त्या काळच्या भट्टीला ही गाठ सुटणं शक्यच नव्हतं, त्यामुळे याला क्लापरोट यांची चूक म्हणणं जिवावर येतं.

पुढे टेल्युरियमची ओळख त्यांनीच पक्की केली, पण शोधाचं श्रेय मूळ शोधक म्युलर यांना देऊन टाकलं. १८१० मध्ये हा शिंप्याचा मुलगा बर्लिन विद्यापीठात रसायनशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. १ जानेवारी १८१७ ला ते गेले. आपण धातू पाहिलाच नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

१८४१ मध्ये फ्रान्सच्या पेलिगो यांनी ऑक्साइडचा नादच सोडला. क्लोरीनचं संयुग घेऊन ते पोटॅशियमबरोबर तापवलं, तेव्हा खरा धातू मिळाला.

तरी अणुभट्टीला बहुतेक ठिकाणी चालतं ते ऑक्साइडच. ते २,८०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ साली वीज सुरू झाली, ती याच ऑक्साइडच्या गोळ्यांवर.